गुलाबी गोळीचा हिशोब

सोमवार हा आमच्या शाळेत गोळीचा दिवस. मधल्या सुट्टीत खिचडी झाली, हात धुऊन झाले, की पोरं रांगेत उभी राहतात आणि मी एकेकाच्या तळहातावर गुलाबी गोळी ठेवते. ५ ते ९ वर्षांच्या मुलांची गुलाबी, त्यांच्यापेक्षा मोठ्यांची निळी. 'ॲनिमियामुक्त भारत' हा कार्यक्रम २०१८ साली आला, त्यातली ही गोळी. गुलाबी गोळीत ४५ मिलिग्रॅम लोह आणि जोडीला फॉलिक ॲसिड. माझ्यासमोर गिळायची, वर पाणी प्यायचं, तोंड उघडून दाखवायचं. काही कार्टी गालात दाबून ठेवतात आणि भिंतीपलीकडे जाऊन थुंकतात, हेही मला ठाऊक आहे. असो.

मागच्या पावसाळ्यात तिसरीतल्या एका मुलाची आई वर्गाच्या दाराशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "बाई, माझ्या पोराला ती गोळी देऊ नका. लोखंडानं किडनीवर वण पडतात." मोबाइल पुढे केला. त्यात कोणीतरी भारदस्त आवाजात सांगत होतं की लोहाची औषधं लहान मुलांच्या किडन्या आतून करपवतात. मला काय बोलावं सुचेना. कारण या मुलाला किडनीचा त्रास आहे हे मला माहीत होतं, आणि दर सोमवारी गोळी मीच देत होते. घरी डॉक्टरांनी लिहून दिलेलं लोहाचं औषधही तिनं दीड महिन्यापासून बंद केलं होतं. नवऱ्याला सांगितलं नव्हतं, सासूला तर नाहीच.

मैत्रिणींनो, तेव्हा मला वाटलं होतं की चूक तिची आहे. आता तसं वाटत नाही.

त्या मुलाची गोष्ट मागून सुरू होते. आठ महिन्यांचा असताना त्याला सारखा ताप यायचा. घरातले म्हणायचे दात येताहेत. गावातल्या दवाखान्यातही तेच सांगितलं गेलं, तापाचं औषध मिळालं, ताप उतरला, पुन्हा आला. असं तीन-चार वेळा झालं. लघवी तपासून बघावी असं कोणालाच सुचलं नाही. खरं तर दात येताना अंग थोडंफार कोमट होईलही, पण सणसणीत ताप दातांनी येत नाही. बाळाला खोकला नाही, सर्दी नाही, जुलाब नाहीत आणि ताप मात्र जोरात आहे, तर लघवीची तपासणी व्हायलाच हवी. काही बाळांमध्ये लघवी मूत्राशयातून उलटी किडनीकडे चढते. तिच्याबरोबर जंतू चढतात. ताप सुरू झाल्यापासून योग्य औषध मिळायला दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त उशीर झाला, की किडनीवर वण राहण्याची शक्यता वाढते. गुडघा खरचटला तर कातडी भरून येते. पण किडनीत जिथे वण पडतो तिथला गाळण्याचा भाग गेला तो गेलाच.

म्हणजे वण होते. पण ते लोखंडानं पडले नव्हते.

पुढे पोरगं किरकोळच राहिलं. पहिलीत आला तेव्हा बालवाडीतला वाटायचा. रात्री अंथरूण ओलं करायचा, सारखं पाणी प्यायचा आणि दर अर्ध्या तासानं करंगळी वर. इथं मला एक कबुली द्यायचीय. मी त्याला ओरडायचे. "आत्ताच जाऊन आलास ना? बस खाली." मला वाटायचं, अभ्यास टाळतोय. वण पडलेली किडनी लघवी दाट करू शकत नाही, म्हणून अशी मुलं भरपूर, पाण्यासारखी लघवी करतात आणि तहानेनं कासावीस होतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पंचवीस वर्षं शिकवतेय मी. किती पोरांना खाली बसवलं असेल, कोण जाणे!

पोरगं पांढरंफटक दिसायला लागलं तेव्हा घरात एकच वाक्य सुरू झालं — "काय खाऊ घालतेस गं पोराला?" हे वाक्य आपल्यापैकी कितीजणींनी ऐकलं असेल? मूल बारीक तर आईचा दोष, मूल पांढरं तर आईचा दोष. मग आजीनं बीट आणलं. लाल ते रक्त वाढवतं, हा आपल्याकडचा जुना समज. बीट काय, डाळिंब काय, रंगानं लाल; लोह त्यात फार थोडं. अळिवाच्या लाडवांत मात्र खरंच असतं. मग खजूर आले, मनुका आल्या, शहाळं आलं. आणि औषधाच्या दुकानातून रक्तवाढीचं टॉनिक. चिठ्ठी नको, काही नको, "लहान मुलाचं रक्तवाढीचं द्या" म्हटलं की बाटली हातात. वर्षात तीन बाटल्या संपल्या आणि हिमोग्लोबिन जागचं हललं नाही. तो साडेसहा वर्षांचा असताना एका डॉक्टरांनी त्याच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला. लहान मुलाचा रक्तदाब! दाब वाढलेला निघाला. क्रिएटिनिन तपासलं, सोनोग्राफी झाली, मग सगळं बाहेर आलं.

आणि त्याच आईला दीड वर्षानंतर मोबाइलवर कोणी सांगतं, की तू पाजलेल्या त्या बाटल्यांनीच पोराची किडनी गेली. तिनं काय करावं? तिच्या जागी मी असते तर मीही बाटली मोरीत ओतली असती.

मी तिला म्हटलं, "अगं, औषध बंद करायचं की नाही हे मी सांगू शकत नाही आणि तो मोबाइलवरचाही सांगू शकत नाही. पुढची तारीख कधी आहे?" तारीख लांब होती. आम्ही थांबलो नाही. पहाटेच्या एसटीनं पुण्याला गेलो. आम्हा दोघींचं सवलतीचं अर्धं तिकीट, त्याचंही अर्धं. तिघांत मिळून दीड माणूस, असं तो स्वतःच मोजून सांगत होता. हुशार आहे पोरगं.

मुलांच्या किडनीच्या डॉक्टर मॅडम तरुण होत्या. रागावल्या नाहीत. आधी रक्त काढायला पाठवलं आणि दुपारी रिपोर्ट आल्यावर समोर बसवून समजावलं. ते मी माझ्या भाषेत सांगते, कारण हे आपल्याला शाळेत कोणी शिकवलेलं नाही.

किडनी म्हणजे फक्त गाळणी नव्हे. शरीरातलं रक्त हाडांच्या मगजात तयार होतं, पण 'बनवा' ही ऑर्डर किडनीकडून जाते. एरिथ्रोपोएटिन नावाचं ते संप्रेरक. किडनी आजारी पडली की ऑर्डरच कमी निघते. मग कच्चा माल कितीही ओता, कारखाना मंदच चालणार. दुसरी भानगड लोहाची. आपल्या यकृतात हेपसिडीन नावाचं एक द्रव्य तयार होतं. ते लोहाचं कुलूप समजा. किडनीच्या आजारात हे कुलूप घट्ट बसतं. पोटात गेलेलं लोह आतड्यातून रक्तात शिरत नाही आणि साठ्यातलंही बाहेर निघत नाही. रेशनचं गोदाम भरलेलं, पण चावी साहेबांकडे आणि साहेब रजेवर, तसं. म्हणून या मुलांमध्ये नुसतं हिमोग्लोबिन बघून भागत नाही. गोदामात किती आहे ते फेरिटिन सांगतं, आणि वाटेवर किती माल चालू आहे ते ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन नावाची तपासणी सांगते. दोन्ही बघायचे. त्यातही फेरिटिन ताप, जंतुसंसर्ग असला की उगाच फुगलेलं दिसतं, म्हणून तापात केलेल्या तपासणीवर भरवसा कमी.

पोराचं हिमोग्लोबिन १०.१ वरून ८.९ वर आलं होतं. गोदामही रिकामं आणि वाटेवरही काही नाही. दीड महिन्यातच!

मग मी विचारलं, "मॅडम, पण ते वणांचं खरं की खोटं?" त्यांनी सरळ 'खोटं' म्हटलं असतं तर माझं काम सोपं झालं असतं. त्या म्हणाल्या, "अर्धं खरं आहे, म्हणून तर ते पसरतं."

लोह हा शरीराला लागणारा पण सांभाळून ठेवावा लागणारा पदार्थ. प्रथिनांच्या डबीत बंद असतं तोवर गुणी. मोकळं सुटलं की आसपासच्या पेशी जाळतं. लोखंड गंजतं त्यातलाच प्रकार. आणि जास्तीचं लोह बाहेर टाकायला शरीराकडे रस्ता नाही. बी किंवा सी जीवनसत्त्व जास्त झालं तर लघवीतून जातं. लोह तसं जात नाही, साठत राहतं. थॅलेसेमियाच्या मुलांना सतत रक्त चढवावं लागतं, तेव्हा त्या रक्तातलं लोह साठून हृदय आणि यकृत खराब होतं, हे डॉक्टर कितीतरी वर्षांपासून बघताहेत. उंदरांवरच्या प्रयोगांत, आजारी किडनीत लोह साचलेलं दिसलं आहे, आणि लोह खेचून काढणारं औषध दिल्यावर वण कमी पडलेलेही दिसले आहेत. मोबाइलवरच्या माणसानं एवढंच उचललं. पण उंदरांवरचेच दुसरेही प्रयोग आहेत. जन्मतः किडनीचा आजार असलेल्या उंदरांना खाण्यातून लोहाचं एक औषध, फेरिक सायट्रेट, दिलं तर त्यांची किडनी जास्त दिवस टिकली. म्हणजे उंदीरही एकमतानं बोलत नाहीत! आणि तपासण्या करून, वजनाप्रमाणे मोजून दिलेल्या लोहानं किडनीच्या आजाराच्या मुलांना नवे वण पडतात, असं सिद्ध झालेलं नाही. उलट लोह कमी पडलं तर काय होतं, ते समोर खुर्चीत बसलं होतं. दोन जिने चढून धाप लागलेलं, वर्गात बाकावर डोकं टाकणारं. रक्त कमी असलं की हृदयाला जास्त जोर करावा लागतो, त्याची भिंत जाड होते. या मुलांना आयुष्यभर किडनीबरोबर हृदयही सांभाळायचं असतं.

माझं मत विचाराल तर, या सगळ्या गोंधळात दोन्ही टोकं सारखीच घातक आहेत. 'लोह काय, कितीही द्या, चांगलंच असतं' हे एक टोक आणि 'लोह म्हणजे विष' हे दुसरं. आणि पहिल्या टोकातूनच दुसरं जन्माला येतं. आपण लोहाला औषध मानतच नाही, टॉनिक मानतो. तीन बाटल्या कोणी मोजल्या होत्या? त्यात किती लोह होतं, कोणी वाचलं होतं? बाटलीवरचा आकडाही फसवा असतो. २०० मिलिग्रॅम फेरस सल्फेट म्हणजे २०० मिलिग्रॅम लोह नव्हे. त्यात लोह असतं साधारण ६० ते ६५. डॉक्टर मोजतात ते 'एलिमेंटल' लोह, आणि तेही मुलाच्या वजनावर. हे दुकानदाराला विचारून बघा, किती जण सांगतात ते.

दुसरी गोष्ट म्हणजे वेळ. तिच्या मुलाला जेवणाबरोबर कॅल्शियमची गोळी असते, अन्नातलं फॉस्फरस अडवायला. ती माऊली सोयीचं म्हणून कॅल्शियम आणि लोह एकदमच देत होती, वर ग्लासभर दूध. कॅल्शियम लोहाला पोटातच अडवतं. दूधही अडवतं, चहाही अडवतो. म्हणजे महागाचं औषध रोज शौचावाटे जात होतं. शौचाला काळं होतं तेवढं दिसत होतं, बस. दोन औषधांत दोन तासांचं अंतर ठेवा, हे वाक्य तिला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. चिठ्ठीवर इंग्रजीत होतं म्हणे. आपण डॉक्टरांना विचारत नाही आणि डॉक्टरांना वेळ नसतो, या दोन्हीच्या मध्ये पोराचं हिमोग्लोबिन बसलेलं असतं.

आजीच्या खजूर-मनुकांनाही मॅडमनी तूर्त रजा दिली. ज्या मुलाचं पोटॅशियम वाढलेलं आहे त्याला खजूर, मनुका, केळी, शहाळं हे सगळं जपून. पोटॅशियम फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. शहाळं पाजून मुलाला धोका होईल हे आपल्या कोणाच्या स्वप्नातही येत नाही. घरी येऊन आजीला सांगायचं काम माझ्याकडे आलं. सून सांगती तर भांडण झालं असतं. बाईंनी सांगितलं म्हणून ऐकलं. हे बरोबर नाही, पण तसं आहे.

हे वाचून कोणी घरातल्या धडधाकट पोराची शाळेतली गोळी बंद करील, म्हणून स्पष्टच सांगते. करू नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या देशातली ६ महिने ते ५ वर्षांची ६७ टक्के मुलं रक्तक्षयाची निघाली, आणि १५ ते ४९ वयाच्या बायका ५७ टक्के. आठवड्यातून एक गोळी ही त्या मानानं मोजकी आणि गरजेची आहे. प्रश्न वेगळ्या मुलांचा आहे. किडनीचा आजार असलेली, थॅलेसेमियाची, आणि आपल्या विदर्भात, नंदुरबारकडे सिकलसेलची. थॅलेसेमिया मायनर असलेलं मूलही पांढुरकं दिसतं, पण त्याचं गोदाम भरलेलं असू शकतं. त्याला वर्षानुवर्षं टॉनिक पाजणं म्हणजे भरल्या पोटावर जेवण. दोन-तीन महिने नीट औषध देऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल, तर बाटली बदलण्याऐवजी 'का वाढत नाही' हे विचारायला हवं. विचारणारी आई डॉक्टरांना आगाऊ वाटली तरी चालेल.

आणि खरोखर वणांची भीती वाटत असेल, तर त्या आईनं बघायची जागा दुसरीच आहे. रक्तदाब. २००९ साली युरोपातल्या ३८५ मुलांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळ्यांनाच एक रक्तदाबाचं औषध चालू होतं. अर्ध्या मुलांचा दाब नेहमीपेक्षाही खाली, कडकपणे राखला. पाच वर्षांत किडनी खूप खालावली अशी मुलं साध्या गटात ४२ टक्के होती, कडक गटात ३०. हे उंदीर नव्हेत, मुलं होती. पण रक्तदाबाचा व्हिडिओ कोणी पुढे पाठवत नाही. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक वर्षातून एकदा येतं. दात बघतं, डोळे बघतं, वजन-उंची होते. त्यांच्याकडे लहान मुलाच्या दंडाला बसणारा पट्टा आहे का, असं मी आता विचारते. लघवीत बुडवायची साधी पट्टी काही फार महाग नसते. आमच्या केंद्राच्या बैठकीत मी हे बोलले, तेव्हा एक सहकारी हसले. हसू देत.

शाळेतल्या मुतारीबद्दल तर लिहायलाच नको. दार नाही, पाणी नाही, म्हणून दिवसभर लघवी दाबून ठेवणाऱ्या मुली प्रत्येक गावात आहेत. जंतुसंसर्गाला ते आमंत्रणच. त्यावर वेगळं लिहीन कधीतरी, रागानं.

त्या मुलाचं औषध पुन्हा सुरू झालं. वजनावर मोजलेला डोस, रात्री झोपताना, जेवणानंतर दोन तासांनी, दुधाशिवाय. तीन महिन्यांनी फेरिटिन बघायचं. पोटातून भागलं नाही तर सलाइनमधून थोडं थोडं द्यायचं, तेही अंगात ताप किंवा जंतुसंसर्ग नसताना. ऑर्डरच कमी निघत असेल तर एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन. ते फ्रिजमध्ये ठेवावं लागतं आणि त्यांच्याकडे फ्रिज नाही. शेजारणीशी बोलून ठेवलंय. रक्त चढवणं शक्यतो टाळायचं, कारण पुढेमागे किडनी बदलायची वेळ आली तर परक्या रक्तामुळे शरीरात तयार झालेली प्रतिद्रव्यं आडवी येतात. आईनं हे सगळं एका वहीत लिहून घेतलं. सातवी शिकलेली बाई, पण फेरिटिनचा स्पेलिंग माझ्याआधी तिला पाठ झाला. मागच्या महिन्यात हिमोग्लोबिन १०.६ होतं. तिनं शाळेत येऊन आधी मला रिपोर्ट दाखवला, मग घरी.

राहिली ती सोमवारची गोळी. मॅडमनी लिहून दिलं, घरचा रोजचा डोस चालू आहे तोवर शाळेतली नको, हिशोब चुकतो. पण सगळी पोरं रांगेत आणि हा एकटा बाकावर, हे त्याला आवडेना. पहिल्या सोमवारी रडला. मग मी त्याला रजिस्टर दिलं. आता तो माझ्याशेजारी बसतो, नावं पुकारतो, गोळी गिळली की खूण करतो. गालात दाबून ठेवणारे त्याच्या तावडीतून सुटत नाहीत. "बाई, हा थुंकणार आहे," म्हणून मोठ्यानं ओरडतो. मध्येच पेन खाली ठेवून लघवीला पळतो, येतो, पुन्हा बसतो. मी करंगळीही वर करायला लावत नाही.